बांधावरची तार

ता. ११ फेब्रुवारी २०२५
आखाडा, वाटूरजवळ

तीर्थरूप रामप्रसादकाका,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण हात वळला न्हाई. तुम्ही आणि काकू बरे असाल. इकडं अण्णांचा खोकला कमी आहे, आई हरभरा सोंगायला जाती, माझी पायल इथल्या शाळेत रमली आहे. झाली खुशाली. आता मुद्द्याचं लिहिते, कारण फोन तुम्ही उचलत न्हाईत आणि मेसेज वाचून गप बसता.

काका, आमच्या आखाड्यावर, शेतातल्या या घरात, इंटरनेटची लाईन का येऊ देत न्हाईत तुम्ही?

मला घरी बसून फोनवरचं काम मिळालंय, हे तुम्हाला माहीत आहेच. कुकर-मिक्सरच्या कंपनीला लोक तक्रारी सांगतात, त्या मी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. दुसऱ्याचा राग दिवसभर पोटात घालायचा पगार मिळतो मला! अट एकच, घरात तारेची लाईन पाहिजे. मोबाईलच्या नेटवर आवाज तुटतो. महिनाअखेरपर्यंत लाईन न्हाई आली तर काम गेलं, असं वरच्या मॅडमनं बजावलंय.

तवर मी वाटूरला कल्याणभाऊच्या झेरॉक्सच्या दुकानात पडद्यामागं बसून काम करून राह्यले. पुढं मशीन खडखडतं. कुणी पडदा सारून ‘कोण हाय आत?’ म्हणून बघून जातं. मागं एका बाईला कुकरच्या शिट्टीचं समजावत होते, तर एक जण ओरडला, ‘कल्याण, दोन्ही बाजूनं काढ!’ तिकडून ती बाई म्हणती, ‘मॅडम, काय काढू?’ हसू आलं असतं, पण त्या कॉलचा शेरा माझ्या नावावर पडला.

लाईनवाल्या कंपनीला तर काय बोलावं! जाहिरातीत आख्खा जिल्हा जोडून मोकळे. फोन केला की ‘तुमच्या भागात सेवा उपलब्ध आहे’ म्हणतात, आणि माणूस आला की म्हणतो, ‘ताई, एका घरासाठी रस्त्यानं येवढा फेरा परवडत न्हाई. मधल्या शेतातून दोन खांब टाकू द्या, जल्दी चालू करतो.’ मधलं शेत तुमचं.

खांब आले तो दिवस मी विसरणार न्हाई. अण्णांनी स्वतः पहार घेऊन तुमच्या बांधावर खड्डा खणला, पिकाला धक्का न लावता. तेवढ्यात तुमचा बटाईदार सोमेश्वर फोन हातात धरून पळत आला. स्पीकरवर तुम्ही. ‘खड्डा बुजवा. आज तार गेली की उद्या वहिवाट सांगतील, परवा गाडीवाट मागतील.’ सख्ख्या थोरल्या भावाला असं बोललात, बटाईदारासमोर! अण्णांनी पहार बाजूला ठेवली. खड्डा बुजवला, वरून पायानं माती दाबली आणि घरी येऊन पडून राहिले. मला तुमची इतकी चीड आल्ती की त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

मंग अण्णा स्टॅम्पपेपर घेऊन जुन्या जालन्याला तुमच्या दुकानात आल्ते. तारेवरून आम्ही कधी वहिवाट सांगणार न्हाई, असं लिहून द्यायला. तुम्ही चहा पाजला, कापडाचे भाव सांगितले आणि ‘बघू’ म्हणालात. तुमच्या गल्ल्यावर वायफायचा डबा लुकलुकत होता म्हणे. अण्णा घरी येऊन कौतुकानं सांगत होते. कौतुकानं, काका!

मी बी खुळी, तुम्हाला वहिवाटीचंच भ्या असंल समजत होते. परवा काकूचा फोन आला, बिचारीच्या तोंडून निघून गेलं. ‘तार न्हाई आली की काम सुटंल, काम सुटलं की पोरगी आपोआप भोकरदनला नांदायला जाईल, असं म्हणतात हे.’

वा रे वा! म्हणजे बांधाचं नुसतं निमित्त. स्थळ तुम्ही आणलं, तुमच्या धंद्यातल्या ओळखीचं घर, शब्द तुमचा. मी माहेरी बसल्यानं तुमची मान खाली जाती. मंग चारचौघांत सांगायचं, पोरगी तापट आहे, सासूशी पटलं न्हाई. मी बी तेच सांगत आले, आईला सुद्धा. भांडण झालं, आले निघून, बस्स.

तसं न्हाई झालं, काका. दिवाळीच्या आधी तुमच्या जावयानं मला कानाखाली मारलं, पायलच्या समोर. मारलं ते पहिल्यांदा न्हाई, पण त्या बारीला डाव्या कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. आईला मी सांगितलं, कानात मळ झालाय. त्या कानानं मला आता न्हाईच्या बराबर ऐकू येतं. हेडफोन उजव्या कानाला धरते आणि कुणाला कळू देत न्हाई, कारण काम ऐकायचं आहे माझं. त्या घरी मला परत धाडायला तुम्ही दोन खांब अडवून बसलात. लाज वाटू द्या थोडी.

तार येऊ न्हाईतर न येऊ, मी नांदायला जाणार न्हाई. बिलकुल न्हाई. दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाईन, पण पायलला घेऊन त्या उंबऱ्यात पाऊल टाकणार न्हाई.

इथवर लिहिलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. कानाचं आलं तसं ते म्हणाले, ‘परत वाच.’ परत वाचलं. मंग उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि हळूच काहीतरी बोलले. मला ऐकू आलं न्हाई. मी तशीच कागदाकडं बघत राहिले, आणि त्यांना कळलं. अण्णांना असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं, काका.

आता ते पहार घेऊन तुमच्या बांधावर गेलेत. जाताना आईनं विचारलं, ‘भावाला इचारलं का?’ तर म्हणाले, ‘न्हाई.’ खांबवाल्याला उद्या बोलावलंय. सोमेश्वर तुम्हाला फोन लावून राह्यला असंलच, तरी अण्णांचा निरोप जसाच्या तसा लिहिते: ‘रामप्रसादला म्हणावं, खांब मी रोवतो. उपटायचा असंल तर स्वतः ये, आणि आधी पोरीच्या कानात बोलून बघ.’

काकूला नमस्कार.

अजून तरी तुमचीच पुतणी,
आकांक्षा