वृषालीची बाटली, माझी तुरटी

४ मे
नात वृषाली राहुरीला आली, पीएचडीसकट. नगरच्या लॅबचा फ्रीज बिघडलाय, म्हणून सहा आठवडे खपून केलेली बाटली आमच्या फ्रीजमध्ये, लोणच्याशेजारी. पाण्यात झिंक ऑक्साईडचे अतिबारीक कण. काचेवर त्यांचा आणि प्लास्टिकच्या शाईचा लेप दिला, वर ऊन पडलं, की वीज! १२ तारखेला परीक्षक. वृषालीने बजावलं, आबा, बाटलीला हात लावायचा नाही हं. तिची आई, सूनबाई सविता म्हणाली, हाताचं सोड, आबांना तोंड आवरायला सांग.
संकल्प: हात लावणार नाही. आभाराच्या पानावर नाव येईल इतपत मार्गदर्शन फक्त.

५ मे
परीक्षकांसाठी सूर्यावर कविता. चालीवर म्हणणार. छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग डोलवलाय. 'कण'ला 'क्षण' जुळलं. 'नॅनो'ला काहीच नाही. विज्ञानात मुळात लय कमी.

७ मे, सकाळी ६
फ्रीजमधून दूध काढताना बाटली दिसली. बघणं म्हणजे हात लावणं नव्हे. पाणी दूधट! सहा आठवड्यांत साधं नितळ होईना? हे संशोधन.
आई आठवली. मुळा नदीचं गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटीचे चार फेरे. तासाभरात तळ दिसायचा.

७ मे, ८
चारच फेरे दिले. खाली पांढरा गाळ, वर आरशासारखं पाणी. पाणी परत बाटलीत, गाळ जास्वंदीला. कुणाला बोललो नाही. खरा मार्गदर्शक मागे राहतो.

१२ मे
धुतलेलं धोतर नेसून लॅबमध्ये हजर. लेप झाला, ऊन कडक, मीटरवर शून्य. म्हटलं, नगरचं ऊन आहे, जरा तापू द्या. परीक्षक हसले नाहीत. कविता राहिली.
संध्याकाळी वृषालीने बाटली उजेडात धरली. एवढं नितळ कसं, विचारलं. तुरटीचं सांगितलं, थोड्या अभिमानाने. तिने बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, आबा, तो गाळ म्हणजेच माझे कण होते.
सविता म्हणाली, आता जास्वंदीला मीटर लाव.

१३ मे
वृषाली पहिल्या एसटीने गेली. पुन्हा सहा आठवडे. निघताना पाया पडली नाही. घाईत असेल.

१८ डिसेंबर
प्रबंध आला. आभाराच्या पानावर सर, आई, लॅबचा शिपाईसुद्धा. मी नाही. नेटाने पुढे वाचलं. पान ४७, नमुना वाया जाण्याची कारणे. पहिलं, फ्रीज बिघडणे. दुसरं, आजोबा.
छत्तीस वर्षांची सेवा, आणि नंबर फ्रीजच्या खाली.