टाचेचं रक्त

ती. अव्वा, शरणु शरणार्थी.

बाळ आन् मी बऱ्या हाव. फोन केला असता, पण तू स्पीकर लावतीस अन् सगळं घर ऐकतं. म्हणून मल्लिनाथभावजींच्या हाती नांदेडहून ही चिठ्ठी धाडते.

अमावस्या लागायच्या आत घरी न्यायचं म्हणून सासूबाईंनी बाळंतपणाच्या दिवशीच दवाखान्यातून सुट्टी करून घेतली. त्या घाईत बाळाच्या टाचेचं रक्तही लगेच घेतलं. त्यात थायरॉईडचा आकडा लई जास्त आला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "जन्मल्या जन्मल्या सगळ्याच बाळांचा तो चढतो, दोन-तीन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर मात्र लगेच गोळी सुरू करायची, नाहीतर मेंदूची वाढ खुंटते. अशी बाळं कधीकधी सुस्त असतात, फार रडत नाहीत; लक्ष ठेवा." काल परत रक्त दिलं. रिपोर्ट उद्या येईल.

तुझा मोडलेला पाय कसा हाय? जिना चढू नको. अप्पांना यातलं काही सांगू नको.

शेजारणी बाळाला बघून म्हणतात, "किती गुणाची लेक, रडत सुद्धा न्हाई." सासूबाई खुलतात. अव्वा, मी मात्र सारखी तिच्या तळपायाला टिचकी मारून राहिले. एकदा तरी जोरात रड म्हणून.

तुझी
मंजू