मामाच्या जागी

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, सगळं ठीक आहे ना, आणि मी हो म्हणाले. मामा जाऊन महिनाही झाला नाही आणि आई हवापाण्याच्या गप्पा मारते, म्हणून तुला राग आला असेल. फोनवर हल्ली मी जपूनच बोलते.

डोंगरावरच्या झाडांना खाणवाल्या कंपनीने लाल पट्टे मारलेत. आपल्या पूर्वजांचे दगड उभे आहेत ना, त्यांच्या मधोमध भोकं पाडायचं यंत्र आणून ठेवलंय. दिवसभर घरघर. फळीवरची भांडी थरथरतात, शेळ्या वर चरायला जात नाहीत, विहिरीला तांबूस पाणी येतं. शेजारच्या काकू मला पाहिलं की दार लोटून घेतात. त्यांच्या मुलाला खाणीच्या फाटकावर नोकरी लागलीय, बिचाऱ्या काय करतील.

शेवटच्या सभेत तू असायला हवी होतीस. कंपनीचे साहेब म्हणाले, डोंगर तुमचा असल्याचा कागद दाखवा. मामा म्हणाला, "आमचे आजे-पणजे वर झोपलेत, त्यांना उठवून विचारा. फक्त जरा हळू उठवा, आजोबा फार तापट होते." सगळे पोट धरून हसले, साहेबसुद्धा. मग गावाने हात वर करून नकार दिला. त्याच आठवड्यात मामा ओढ्यात सापडला. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. चपला काठावर जोडीने नीट लावून ठेवलेल्या होत्या. तूच सांग, तुझ्या मामाने जन्मात कधी चपला नीट काढल्या का? एक उंबऱ्याशी, तर दुसरी अंगणात.

आता ग्रामसभेची प्रमुख म्हणून गावाने त्याच्या जागी मला बसवलंय. कंपनीला माझी सही हवी आहे. काल एक गृहस्थ घरी आले. फार गोड बोलत होते, चहा आवडीने प्यायले. उठता उठता म्हणाले, "ताई, मुलगी नर्स आहे ना? उशिरा सुटते, एकटीच चालत खोलीवर जाते. दवाखान्यामागच्या गल्लीत दिवेही नाहीत हो." त्या गल्लीबद्दल मी इथे कुणापाशी बोललेली नाही.

सोमवारी सभा आहे आणि मी नाही म्हणणार आहे. तुला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर तूही हेच म्हणाली असतीस, आणि मग पुढे जे होईल त्याचं ओझं तुझ्या डोक्यावर बसलं असतं. फोनवर हे सांगता येत नाही, म्हणून पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. वाचलंस की लगेच ती खोली सोड. कुठे गेलीस, ते मलाही कळवू नकोस. आई आजारी आहे, ताबडतोब निघ, असा निरोप आला तर येऊ नकोस. मी स्वतः फोन करून बोलावलं, तरीही येऊ नकोस.

तुझीच,
आई