समुद्रापलीकडचं हसू

६ एप्रिल
नोकरीचा पहिला आठवडा झकास गेला! शिरीष ऑफिसात, तन्वी शाळेत आणि मी फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये जपानी शिस्तीने जळणारा-न जळणारा कचरा निवडत बसलेय, हे एकदाचं संपलं. कोतो भागातलं आमचं ऑफिस छोटंसं आहे, पण खिडकीतून कालवा दिसतो आणि सध्या त्यावर साकुराच्या फुलांच्या पाकळ्यांची साय धरलीय. समुद्रापलीकडच्या त्या बंद देशाचं सरकारी टीव्ही प्रक्षेपण आम्ही साठवतो. माझं सॉफ्टवेअर त्यातले चेहरे ओळखतं. काल नेत्याच्या शेजारी उभा असलेला माणूस आज कुठे गेला, असलं काम.

भाषांतराला नोबुको-सान आहेत. सत्तरी उलटलेल्या, पण ताठ. माझं नाव त्यांना काही केल्या जमत नाही, ‘कादांबारी-सान’ म्हणतात. माझं थालीपीठ चवीने खाल्लं. तिकडे स्वर्ग आहे असं ऐकून त्यांचे आईवडील त्यांना लहानपणीच बोटीने घेऊन गेले होते. साठीच्या घरात त्या पळून आल्या. मुलगी तिकडेच राहिली.

१९ एप्रिल
आज त्या मोकळेपणी बोलल्या. तिकडे घराघरांत रेडिओ असतो. आवाज कमी करता येतो, पण बंद करता येत नाही. दर आठवड्याला सगळ्यांसमोर स्वतःची एक चूक सांगायची, मग शेजाऱ्याची एक. चूक सापडली नाही तर रचायची. आधीचा नेता वारला तेव्हा कोण किती रडतं, हे बघायला माणसं नेमली होती. नोबुको-सान रेडिओ केंद्रात मजकूर लिहायच्या. पळून गेलेल्यांच्या नातेवाइकांना वाचायला दिली जाणारी वाक्यं त्यांच्याच हातची.

मुलीचा जुना फोटो त्यांनी जपून आणलाय. मी म्हटलं, द्या, शोधून बघते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

८ मे
सापडली! कालच्या कार्यक्रमात तीच होती, गुलाबी पोशाखात. ‘मला आई नाही, देश हीच माझी आई’ असं ती हसत म्हणाली. मला वाटलं, नोबुको-सान आनंदाने रडतील. त्यांनी चित्र थांबवलं, चेहरा मोठा केला.

“हिचे दात कुठे गेले?”

मला कळेना. दात तर होते, पांढरेशुभ्र. त्या शांतपणे म्हणाल्या, माझ्या मुलीचे पुढचे दात एकावर एक होते. हे सगळे नवे आहेत. सगळेच.

२१ मे
पुन्हा दिसली. फारच वाळलीय. मांडीवर एक चिमुरडी, तीही हसतेय. ‘आई, परत ये. देश मोठ्या मनाचा आहे, तुझं पान वाढून ठेवलंय.’

नोबुको-सान म्हणाल्या, हे वाक्य माझं आहे. पान वाढून ठेवण्याचं मलाच सुचलं होतं. कितीतरी माणसं या एका वाक्यावर परत आली. त्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं. त्यांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

२७ मे
त्या तीच चित्रफीत लावून बसतात. आज म्हणाल्या, नात गुटगुटीत आहे, म्हणजे खायला मिळत असणार. मी म्हटलं, नोबुको-सान, तुम्हीच तर सांगितलंत हे खोटं असतं.

“खोटंच आहे. पण ऐकताना खरं वाटतं.”

३ जून
नोबुको-सान गेल्या. घर रिकामं, झाडून-पुसून ठेवलेलं. परवाच विमानाने निघाल्या म्हणे. पुढे कुणाबरोबर, कुणालाच माहीत नाही.

११ जून
त्या पडद्यावर आल्या. गुलाबी पोशाख. हसू. शेजारी मुलगी नाही, नात नाही. एका परदेशी बाईने फूस लावून आपल्याला देशाविरुद्ध बोलायला लावलं, असं त्या म्हणाल्या. मग नाव घेतलं. या वेळी अगदी स्वच्छ. कादंबरी. सॉफ्टवेअरने त्यांचा चेहरा लगेच ओळखला. मी ओळखला नसता—

१२ जून
ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, त्या इथे काय काय बोलायच्या? मी म्हटलं, काही नाही. खूप सुखी देश आहे, असं म्हणायच्या. त्या देशात मी पाऊलही टाकलेलं नाही, तरी जीभ आवरली. शिरीष म्हणाला, उगाच घाबरतेस, इतक्या लांबून कोण काय करणार.

१४ जून
दुपारचं प्रक्षेपण. त्या बाईलाही मूल आहे, निवेदिका म्हणाली. हसत. मग फोटो. तन्वी. शाळेच्या फाटकाशी, पिवळा रेनकोट. तो रेनकोट मी काल संध्याकाळी घेतला. आज सकाळी तिने पहिल्यांदा घातला. आज—

शाळेला फोन केला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, तन्वीला मघाशीच घेऊन गेले. कोण? आजी, म्हणाल्या. जपानी आजी, फार गोड हसत होत्या, तन्वीही खुशीने—

शिरीष फोन उचलत नाही. टीव्ही अजून चालू आहे. मुलांचं गाणं लागलंय. पहिल्या रांगेत कुणीतरी पिव—