डोंगरमांजर

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी गेल्याला सात महिने झाले. तेव्हापासूनचं हे माझं चौथं पत्र. रागावला असशील तर तसं एका ओळीत लिही, पण लिही. त्या दिवशी मी खोदकामाच्या तळावर होते. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

तिथूनच आणलेला दगड सध्या संग्रहालयाच्या तळघरात बसून सुईने कोरतेय. आत पर्मियन काळातला प्राणी आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर जन्मायच्याही आधीचा. मांजराएवढा, कासवासारखी चोच, वर दोन सुळे. नाव डायसिनोडॉन्ट. बिळात अंगाचं मुटकुळं करून झोपला आणि वरून गाळ आला. दिवसभर आम्ही दोघंच असतो. तोही तुझ्यासारखाच, हूं की चूं करत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१४ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

राग कसला, वेडे. तुझी पत्रं तुझी वहिनी मोठ्याने वाचायची आणि मी घड्याळं दुरुस्त करत ऐकायचो. पाकीट फोडायचं काम कधी माझ्याकडे नव्हतंच. तिन्ही तशीच खणात पडून होती. परवा चौथं आलं, तेव्हा दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चारही एका बैठकीत वाचली.

मी बरा आहे. स्वयंपाक करपतो, पण रोजच करपत असल्यामुळे आता तीच चव वाटते. संध्याकाळी घरी जायला नको वाटतं, म्हणून दुकान उशिरा बंद करतो. तुझ्या त्या चोचवाल्याला सुळे कशाला लागायचे? कळव.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुळे मुळं उकरायला असावेत, असं म्हणतात. त्यातला डावा काल माझ्या हातून तुटला. हात कापतो हल्ली. वर्षभर लपवत होते. साहेब म्हणाले, चिकटवून टाका, कुणाला कळणार नाही. मी नोंदपत्रकावर खरं ते लिहिलं आणि खाली सही केली. आता सुई बंद. सोमवारपासून दाराशी बसून येणाऱ्यांना माहिती सांगायची. त्या काळाच्या शेवटी बहुतेक सगळे जीव नाहीसे झाले, एवढं एक वाक्य फलकासाठी लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

एक विचारायचं राहिलंय. वहिनीने माझी आठवण काढली होती का? नसेल तर सरळ नाही म्हण.

तुझी,
ठकी

११ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

सही केलीस ते बरं केलंस. माझ्याही हातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा काटा मोडला होता. मी गुपचूप दुसरा बसवला.

आता तुझ्या प्रश्नाचं. शेवटच्या दुपारी तिने विचारलं, ठकी सध्या काय उकरतेय. मला कुठे ठाऊक होतं? डोंगरमांजर म्हणून ठोकून दिलं. चावत तर नाही ना तिला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, केव्हाच मेलंय ते. त्यावर ती हसली. मग तिला झोप लागली, ती पुन्हा उठली नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुझ्या दाराशी एक स्टूल जास्तीचं ठेव. बाकी तिथे बसून बोलू.

तुझा,
दादा