भावाचं रक्त

३ जून
ल्युकेमिया. आज नाव कळलं. तीन आठवडे "थकवा असेल, लोह कमी असेल" म्हणून टोलवत होते. बस चालवणारी बाई दमणारच, म्हणे. मग दम लागल्यावर निदान रक्त तरी बघायचं! आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. त्याचाही राग येतो.

५ जून
डॉक्टरीणबाई समजवायला बसल्या. "जनुकं म्हणजे पाककृतींचं पुस्तक समजा." बाई दिसली की स्वयंपाकच का? ऑकलंडात एकोणीस वर्षं बस चालवतेय मी. सरळ सांगा, म्हटलं.

मग सांगितलं सरळ. रक्त तयार करणाऱ्या पेशींत दोन तऱ्हेचे बिघाड. एक — जनुकातलं अक्षरच बदललंय. म्युटेशन. ते दुरुस्त होत नाही. दुसरा — अक्षरं धड आहेत, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा चिकटल्यात, म्हणून चांगली जनुकं गप्प पडलीत. त्या खुणा औषधाने निघतात, त्यासाठी सात दिवस पोटात सुया. पण तेवढ्याने भागणार नाही. दुसऱ्या कोणाचा तरी बोनमॅरो लागेल, तोही जुळणारा. दात्यांच्या यादीत आम्हा टोंगन माणसांची नावं बोटांवर मोजण्याइतकी. आणि मॅरो जुळतो तो बहुधा आपल्याच माणसांशी.

"सख्खं कोणी?"

एकच भाऊ. सेमिसी. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा.

८ जून
आज नवीन. ते बदललेलं अक्षर बहुतेक जन्मापासूनचं. म्हणजे वडिलांचं. ते शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, गावाने "रक्त आटलं" म्हणून विषय मिटवला. भांडायचं तर कोणाशी? ते तिकडे टोंगात, वाव्हाऊ बेटावर वाळूखाली.

सुया चालू. पोटावर चट्टे.

१२ जून
सेमिसीचा पत्ता नाही. अर्ध्या तासावर राहतो!

मला कळतं, तो या खोलीत येणार नाही. आमच्यात वयात आल्यावर भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत, अंगाचं दुखणं एकमेकांशी बोलत नाहीत. मी इथे दवाखान्याच्या झग्यात पसरलेली. पण तपासणीचं रक्त द्यायला माझं तोंड कुठे बघावं लागतं? ते खालच्या मजल्यावर घेतात.

त्याला विचारायचं तर फिफिता आत्यामार्फत. वडिलांची थोरली बहीण. आमच्यात भावाच्या मुलांबाबत आत्याचा शब्द शेवटचा, तो मोडायची घरात कोणाची प्राज्ञा नाही. आज विचारलं, "आत्या, त्याने रक्त दिलं का तपासायला?"

"तू आधी खा, लोसा." तिने लू आणला होता, नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, पानात बांधलेलं. नर्स म्हणाली, बाहेरचं चालणार नाही. आत्या तिच्याकडे अशी बघत होती की बिचारीने डबा ठेवून घेतला आणि माफीही मागितली.

प्रश्न तसाच राहिला.

१५ जून
ताप. काही नाही लिहीत.

१७ जून
डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. "भावाबद्दल मी बोलू शकत नाही. ते त्यांचं खाजगी आहे. त्यांनाच विचारा." म्हणजे आलाच नाही. आला असता तर हो म्हणायला काय जातं?

आत्या म्हणते, "त्याला कामं असतात गं. देवावर सोड." चर्चमध्ये माझ्यासाठी सगळे उपाशी राहिले म्हणे रविवारी. दोनशे माणसं जेवली नाहीत, आणि एकाला हात पुढे करून सुई टोचून घेता येत नाही. त्याच्या शाळेच्या बुटांसाठी मी पहाटे मासळी साफ करायला जायची. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता दाखवणार.

२२ जून
औषधाचा गुण येतोय. पण "मॅरोशिवाय टिकणार नाही." किती दिवस, ते सांगत नाहीत.

२४ जून
मर्यादा गेली खड्ड्यात. आवाजी निरोप पाठवला सेमिसीला, थेट. वयात आल्यापासून, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. "तुझं रक्त तुलाच लखलाभ. भित्रा आहेस तू. मी मेले तर माझ्या मातीला येऊ नकोस." आत्याला कळलं तर ती मला मारेल. मारू दे.

बरं वाटलं. मग नाही वाटलं.

२६ जून
सेमिसी आला. खोलीत. खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. म्हणाला, रक्त पहिल्याच आठवड्यात दिलं होतं. मॅरो पूर्ण जुळतो. पण ते बदललेलं अक्षर त्याच्यातही आहे, म्हणून घेता येत नाही. आत्याने कोणालाही सांगू दिलं नाही — "तिला तेवढी एक आशा राहू दे." आत्याला रोज गाडीतून आणायचा तोच. ती वर असेपर्यंत खाली पार्किंगमध्ये बसून राहायचा.

माझा निरोप ऐकला का, विचारलं. त्याने होकाराची मान हलवली.

मग म्हणाला, ते अक्षर त्याच्या मुलींत उतरलंय का, ते आता तपासणार. नऊ वर्षांची एक, एक सहाची. "त्यांना काय सांगायचं, ते तू ठरव. तू त्यांची आत्या."