गादी वाचवण्याची तालीम

५ मार्च, रविवार

सगळ्यांना जखमीच व्हायचंय! आमच्या हिची आपत्तीसज्जतेची पहिली कार्यशाळा आज आमच्याच इमारतीच्या अंगणात पार पडली. 'पार पडली' हे मी वृत्तपत्रासाठी लिहीन. प्रत्यक्षात ती आडवी पडली. आग म्हणा, भूकंप म्हणा, पूर म्हणा — कुटुंबंच्या कुटुंबं सतरंजीवर पसरलेली, उचलायला कोणी नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक तर साध्या मुरगळण्यावर राजी होईनात. "माझ्या सेवाज्येष्ठतेला निदान हाड मोडलेलं तरी द्या." त्यांच्या पायाला बांधायच्या पट्टीला तळमजल्यावरच्या शिंप्याने आधी चारी बाजूंनी टीप मारून आणली. तोवर रुग्ण घोरत होता.

ही मात्र खूश. "लोक आले तरी!" आशावाद हा असाध्य विकार आहे.

६ मार्च

हिची खरी काळजी आई. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोनेक वर्षं, आई जिना उतरलेली नाही. खरंच काही झालं तर? खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं, असं हिने ठरवलं. पुढे शिंपी, मागे मी.

आईला विचारलं. "मला उचलून न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी बोलायला नसेन, तेवढी मजा करून घ्या."

चर्चा संपली.

१२ मार्च, रविवार

आईऐवजी गादी. गुंडाळून खुर्चीला बांधली, वर आईची शाल — वास्तवाचा आभास व्हावा म्हणून, हे शास्त्र माझंच. आई दारात स्टुलावर बसून बघत होती. पहिल्याच वळणावर शिंपी म्हणाला, "भाऊ, थांबा जरा, नाक खाजतंय." मी थांबलो. गादी थांबली नाही. दोर सुटला आणि ती गडगडत थेट मुख्याध्यापकांच्या दारात!

वरून आई : "गेले की रे मी!"

मुख्याध्यापकांनी दार उघडलं. चष्मा नव्हता, शाल तेवढी दिसली. वाकून विचारलं, "फार लागलं का, मावशी?"

१५ मार्च

रोज सराव. गादी आता सुखरूप उतरते.

आई म्हणाली, "तिला बरं रोज खाली नेता. हवा मानवली असेल."

१९ मार्च, रविवार

शिंपी तापलेली इस्त्री एका विजारीवर तशीच ठेवून सरावाला वर आला. आम्ही गादी बांधतोय, तोच अंगणातून हिची शिट्टी — आणि जिन्यात धूर. खरा! अंगणात पुढच्या कार्यशाळेला जमलेल्या मंडळींना वाटलं, ती सुरू झाली. सगळे तत्काळ शवासनात. ही ओरडतेय, "अहो उठा, खरी आग आहे!" मुख्याध्यापक डोळे न उघडता : "अभिनय सुधारलाय हो तुमचा."

इकडे आईने गादीकडे बोट दाखवलं. "तिला राहू दे आज. मी बसते."

उचलली. खोकत, अडखळत निघालो. स्तोत्र म्हणू गेलो, तर तोंडातून विभक्त्या — देवः देवौ देवाः! इतक्या वर्षांच्या संस्कृताध्ययनाचं हे फळ. आई म्हणाली, "पायरी बघ, पंडिता."

खाली पोचलो तेव्हा अग्निशमन दलाचा जवान चक्रावून उभा. "जखमी किती?"

"सगळेच," शिंपी म्हणाला.

एकूण हानी : एक विजार. तिचा मालक अंगणातच, जखमींमध्ये पडलेला होता.

धूर निवळला, मंडळी आपापले मोडलेले पाय घेऊन घरी चालत गेली. आई अंगणात खुर्चीतच होती. वर न्यायला गेलो, तर म्हणाली, "थांब रे जरा. हे झाड एवढं कधी झालं?"

२० मार्च

आई वर यायचं नाव काढत नाही. रात्री शिंप्याच्या बायकोकडेच झोपली. सकाळी मी आणि शिंपी खुर्ची घेऊन पुढे झालो. तिने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढं सोपं होतं? मग आग लागायची वाट कशाला बघितलीस रे?"